आधी मंडळ्या दुभंगल्या

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा आरंभ १२ एप्रिल १८६१ या दिवसापासून मानला जातो. त्या पहाटे दक्षिणेतील फुटीर राज्यांच्या तोफांनी चार्ल्स्टन बंदरातील सम्टर किल्ल्यावर मारा सुरू केला आणि पुढील चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणास मुकले. देश दुभंगण्याची प्रक्रिया मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि तिचा माग काढायचा तर रणांगणाऐवजी टपालकचेऱ्या, सभागृहे आणि विशेषतः ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एका पंथाच्या उपासकांचे संघटित समुदाय, यांच्या इतिहासाकडे वळावे लागते. उत्तरेची आणि दक्षिणेची माणसे ज्या संस्थांत एका छताखाली बसत, समोरासमोर वाद घालत आणि वादानंतरही एकत्र प्रभुभोजन घेत, त्या संस्था १८३५ ते १८६० या पंचवीस वर्षांत एकामागून एक मोडत गेल्या. त्यांपैकी बहुतेक संस्था भांडण मिटावे म्हणून, शांततेच्या नावाने मोडण्यात आल्या, ही या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब आहे.

स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा गुलामगिरी हळूहळू मावळेल अशी पुष्कळांची समजूत होती. उत्तरेकडील राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात केली होती आणि व्हर्जिनियातील अनेक मळेवालेही तिच्याविषयी संकोचाने बोलत. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी कापसातून सरकी वेगळी काढणारे यंत्र तयार केले आणि हे सारे आडाखे चुकले. आखूड धाग्याचा कापूस पिकवणे किफायतशीर झाले, जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंत आणि पुढे टेक्सासपर्यंत नवे मळे उभे राहिले, आणि १८६० च्या जनगणनेत देशाच्या सुमारे ३ कोटी १० लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ ४० लाख माणसे गुलाम होती. त्या सुमारास अमेरिकेच्या निर्यातीतील निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचे होते. एवढी संपत्ती ज्या व्यवस्थेत गुंतली होती तिला तात्त्विक समर्थनही लाभले. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर जॉन कॅलहून यांनी फेब्रुवारी १८३७ मध्ये सिनेटमध्येच असे प्रतिपादन केले की, गुलामगिरी हे नाइलाजाने सोसायचे पाप नसून दोन्ही वंशांच्या हिताची व्यवस्था आहे. दुसऱ्या बाजूला, १ जानेवारी १८३१ पासून बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसन यांचे ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक निघू लागले होते आणि गुलामांची तात्काळ व बिनशर्त मुक्तता व्हावी, ही त्याची मागणी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम उपदेशकाच्या नेतृत्वाखाली बंड झाले आणि पन्नासहून अधिक गोरी माणसे मारली गेली. या दोन घटनांचा परस्परसंबंध कोणी सिद्ध केला नाही, परंतु दक्षिणेच्या मनात त्या एकत्र बसल्या, आणि छापील कागदाची धास्ती तेथून पुढे वाढत गेली.

या धास्तीचा पहिला मोठा परिणाम टपालव्यवस्थेवर झाला. न्यूयॉर्कमधील अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी या निर्मूलनवाद्यांच्या, म्हणजे गुलामगिरी पूर्णपणे नष्ट करू पाहणाऱ्यांच्या, संस्थेने १८३५ च्या उन्हाळ्यात दक्षिणेतील पाळक, वकील, व्यापारी अशा प्रतिष्ठित गृहस्थांच्या नावे मोठ्या संख्येने पत्रके पाठवली. ती घेऊन आलेली आगबोट जुलैच्या अखेरीस चार्ल्स्टनला लागली. पोस्टमास्तर आल्फ्रेड ह्यूगर यांनी ती पत्रके वेगळ्या गोणीत भरून बाजूला ठेवली आणि वरिष्ठांकडे विचारणा केली. मात्र २९ जुलैच्या रात्री जमावाने टपालकचेरी फोडून नेमकी तीच गोणी पळवली आणि दुसऱ्या दिवशी हजारोंच्या साक्षीने गॅरिसन आणि इतर निर्मूलनवाद्यांच्या पुतळ्यांसह तिची होळी केली. पोस्टमास्तर जनरल एमॉस केंडल यांनी दिलेले उत्तर त्या काळाचा कल दाखवणारे होते. टपाल अडवण्याचा हुकूम देण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही हे मान्य करून, पोस्टमास्तराने तसे केल्यास आपण त्याला दोष देणार नाही, असे त्यांनी कळवले. पुढील वर्षी काँग्रेसने टपाल अडवून ठेवणाऱ्या पोस्टमास्तरांना शिक्षा ठरवणारा कायदा केला, तरी दक्षिणेत त्याची अंमलबजावणी कोणी केली नाही. देशभर एकच असलेली टपालसेवा एका विषयापुरती दोन देशांची झाली, आणि ते कोणत्याही ठरावाविना झाले.

काँग्रेसमध्ये तर तसा ठरावच झाला. राजधानीच्या प्रदेशात गुलामगिरी बंद करावी अशी मागणी करणारे विनंतिअर्ज उत्तरेतून हजारोंनी येत, आणि त्यांवर सह्या गोळा करण्यासाठी दारोदार हिंडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. ज्यांना मताधिकार नव्हता त्यांच्या हाती अर्ज हेच एक राजकीय साधन होते. मे १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने असे सर्व अर्ज न वाचता, न छापता, चर्चेविना दप्तरी टाकण्याचा नियम केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हे त्या वेळी मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसत असत. त्यांनी आठ वर्षे प्रत्येक अधिवेशनात या नियमावर घाव घातले, आणि फेब्रुवारी १८३७ मध्ये तर खुद्द गुलामांनी पाठवलेला म्हणून जो अर्ज आपल्याकडे आला आहे तो या नियमात बसतो काय, अशी पृच्छा करून त्यांनी सभागृहात हलकल्लोळ उडवून दिला. नियम अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी रद्द झाला. चर्चेवरील बंधन संसदेत ज्या वर्षी उठले त्याच वर्षी देशातील सर्वांत मोठी मंडळी चर्चेच्या ओझ्याने मोडली होती.

ती मंडळी मेथॉडिस्टांची होती. मेथॉडिस्ट पंथाचा जन्म अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या धर्मजागृतीतून झाला. अमेरिकेत त्याची स्वतंत्र मंडळी १७८४ च्या नाताळात बाल्टिमोर येथे स्थापन झाली. घोड्यावरून गावोगाव हिंडणारे उपदेशक हे तिचे बळ होते. एकेका उपदेशकाकडे कित्येक कोसांचा फेरा असे, तो लाकडी खोपटात, धान्याच्या कोठारात किंवा उघड्या रानात प्रवचन करी, आणि गोरे व कृष्णवर्णीय अशा दोहोंना ऐकण्याची मुभा असे. वेस्ली गुलामगिरीचे कडवे विरोधक होते आणि स्थापनेच्याच परिषदेने सभासदांनी आपले गुलाम ठरावीक मुदतीत मुक्त करावेत असा नियम केला. हा नियम वर्षभरही टिकला नाही. दक्षिणेत असंतोष उठताच त्याची अंमलबजावणी स्थगित झाली, आणि पुढे १८०८ मध्ये सर्वसाधारण परिषदेने साउथ कॅरोलिनासाठी पंथाच्या नियमपुस्तकाच्या एक हजार प्रती गुलामगिरीविषयीचे कलम वगळून वेगळ्या छापण्याचा ठराव केला. मंडळीतील ऐक्य कोणत्या किमतीला टिकले होते, हे त्या हजार प्रतींहून अधिक स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही कागदाने सांगितलेले नाही.

१८४४ चे विभाजन हे मेथॉडिस्टांचे पहिले विभाजन समजणेही बरोबर नाही. फिलाडेल्फिया येथील सेंट जॉर्ज चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय उपासकांना गुडघे टेकून प्रार्थना करत असताना उठवण्यात आले, कारण ते त्यांच्यासाठी नेमलेल्या जागी बसले नव्हते. रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी त्या चर्चमधून बाहेर पडले आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च ही स्वतंत्र मंडळी उभी राहिली. ऐक्याच्या ज्या दिवसांची आठवण पुढे दोन्ही बाजूंनी काढली जाई, त्या दिवसांतही त्या ऐक्यात कृष्णवर्णीयांची जागा कडेची होती, हे विसरून पुढचा इतिहास वाचता येत नाही.

१८३० नंतर उत्तरेतील मेथॉडिस्टांत निर्मूलनवादी वाढू लागले आणि बिशपांनी, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्यांनी, त्यांना दाबण्याचे धोरण स्वीकारले. सर्वसाधारण परिषद दर चार वर्षांनी भरत असे. १८३६ च्या सिनसिनाटी येथील परिषदेने निर्मूलनवाद्यांच्या सभेत भाषण केल्याबद्दल आपल्याच दोन प्रतिनिधींचा निषेध केला, तर १८४० च्या परिषदेने ज्या राज्यांत न्यायालयात कृष्णवर्णीयांची साक्ष चालत नाही तेथे मंडळीच्या अंतर्गत चौकशीतही गोऱ्या सभासदाविरुद्ध त्यांची साक्ष घेऊ नये, असे ठरवले. न्यू इंग्लंडचे ऑरेंज स्कॉट हे उपदेशक या वागण्याला कंटाळून आपल्या अनुयायांसह बाहेर पडले आणि १८४३ मध्ये वेगळी वेस्लियन मंडळी स्थापन झाली. आता आणखी माणसे गळतील ही चिंता उत्तरेच्या मवाळ नेत्यांना पडली. १ मे १८४४ रोजी न्यूयॉर्कमध्ये परिषद भरली तेव्हा मंडळीची सभासदसंख्या दहा लाखांवर गेली होती आणि उत्तरेचे प्रतिनिधी आणखी एक पाऊल मागे सरण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

वादाचे निमित्त झाले जॉर्जियाचे बिशप जेम्स ऑसगुड अँड्र्यू. ते १८३२ पासून बिशप होते, मवाळ आणि लोकप्रिय होते, आणि पदावर आले तेव्हा गुलाममालक नसल्यामुळेच दोन्ही बाजूंना चालण्याजोगे ठरले होते. पुढे ऑगस्टा येथील एका वृद्ध स्त्रीने मृत्युपत्राने एक कृष्णवर्णीय मुलगी त्यांच्या स्वाधीन केली. मुलगी एकोणीस वर्षांची झाल्यावर तिची संमती असेल तर तिला आफ्रिकेतील लायबेरियात पाठवावे, अशी त्या मृत्युपत्रात अट होती. मुलीचे नाव किटी. तिने जाण्यास नकार दिला, असे अँड्र्यू यांनी परिषदेच्या समितीला लेखी कळवले. जॉर्जियाच्या कायद्यानुसार तिला राज्यात ठेवून मुक्त करता येत नाही, ती आपल्या आवारातील स्वतंत्र घरात राहते आणि तिला वाटेल तेव्हा गुलामगिरी नसलेल्या राज्यात जाण्यास मोकळी आहे, असेही त्यांनी नमूद केले. शिवाय पहिल्या पत्नीकडून एक गुलाम मुलगा त्यांच्याकडे आला होता, आणि जानेवारी १८४४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला तेव्हा त्या पत्नीचे अनेक गुलाम घरात आले. त्यांची मालकी अँड्र्यू यांनी दस्त करून तिच्याच नावे ठेवली होती.

परिषदेने हे प्रकरण कित्येक दिवस चालवले. दक्षिणेच्या वक्त्यांनी सांगितले की बिशपांनी कोणताही नियम मोडलेला नाही, आणि नियम नसताना शिक्षा देणे म्हणजे परिषदेने आपणच केलेला कायदा मोडणे होय. साउथ कॅरोलिनाचे विल्यम केपर्स यांनी मळ्यांवरील गुलामांत धर्मप्रचाराचे काम उभे केले होते. मंडळीला निर्मूलनवादी असा शिक्का बसला तर मळेवाले उपदेशकांना फाटकातून आत घेणार नाहीत आणि लाखो गुलाम धर्मोपदेशाला मुकतील, हा त्यांच्या बाजूचा सर्वांत भावनिक युक्तिवाद होता. उत्तरेचे म्हणणे असे होते की बिशप हा एका प्रांताचा नसून सबंध मंडळीचा असतो, आणि गुलाममालक बिशपाच्या हातून दीक्षा घेण्यास न्यू इंग्लंडमध्ये कोणी पुढे येणार नाही. अँड्र्यू स्वतः राजीनामा देण्यास तयार होते असे दिसते, परंतु दक्षिणेच्या सहकाऱ्यांनी त्यांना तसे करू दिले नाही, कारण त्यांच्या मते प्रश्न आता एका माणसाचा उरला नव्हता. १ जून रोजी, ही अडचण असेतोवर बिशपांनी आपल्या पदाचे काम थांबवावे, असा ठराव शंभराहून अधिक मतांनी संमत झाला. विरोधात सत्तरच्या आत मते पडली आणि त्यांत बहुतेक सारी दक्षिणेची होती.

या सगळ्या भाषणांत जिच्यावरून वाद पेटला ती व्यक्ती कोठेही बोलत नाही. किटीची इच्छा विचारण्याचे काम १८४१ मध्ये ऑगस्टस लाँगस्ट्रीट यांनी केले होते. ते जॉर्जियातील एमरी कॉलेजचे अध्यक्ष होते, त्या कॉलेजच्या विश्वस्तांत बिशप अँड्र्यू होते, आणि लाँगस्ट्रीट पुढे याच परिषदेत दक्षिणेचे प्रतिनिधी म्हणून बसले. अनोळखी खंडात एकटीने पाठवणी किंवा ओळखीच्या माणसांत गुलामी, एवढेच दोन पर्याय पुढे ठेवून एका तरुण स्त्रीकडून घेतलेल्या उत्तराला स्वेच्छेचा निर्णय म्हणावे काय, हा प्रश्न त्या परिषदेच्या केंद्रस्थानी असायला हवा होता. तेथे चर्चा झाली ती बिशपांच्या अधिकारांची, परिषदेच्या अधिकारांची आणि प्रांतांच्या मानापमानाची. उत्तरेचा कौल नैतिकदृष्ट्या योग्य होता. परंतु तोही गुलामांच्या बाजूने मांडला जाण्याऐवजी मंडळीच्या सोयीच्या भाषेत मांडला गेला, आणि सामान्य सभासदांना गुलाम बाळगण्यापासून रोखणारे काहीच त्यात नव्हते.

यानंतर जे घडले ते दहा दिवसांच्या आत आणि अतिशय सभ्यपणे घडले. लाँगस्ट्रीट यांनी दक्षिणेच्या वतीने एक निवेदन सादर केले. गुलामगिरीच्या राज्यांत या परिषदेचा अधिकार चालू राहिल्यास तेथील धर्मकार्यच अशक्य होईल, असा त्याचा आशय होता. परिषदेने त्यावर समिती नेमली आणि ८ जून रोजी विभाजनाची योजना मोठ्या बहुमताने मंजूर केली. सीमेवरील मंडळ्यांनी बहुमताने आपली बाजू निवडावी, पाळकांना हवे तिकडे जाण्याची मुभा असावी, ग्रंथप्रकाशनाच्या संस्थेतील आणि निधीतील वाटा प्रमाणात द्यावा, असे बारकावे त्यात होते. भाऊबंदकी टाळून वाटणी करणाऱ्या घराण्यासारखी ही तजवीज होती आणि भांडण येथे संपले, असा दिलासा पुष्कळांना वाटला. मे १८४५ मध्ये केंटकीतील लुइव्हिल येथे दक्षिणेची मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळी रीतसर स्थापन झाली.

दिलासा फार थोडा काळ टिकला. १८४८ च्या परिषदेत उत्तरेने विभाजनाची योजनाच अमान्य केली आणि दक्षिणेकडून बंधुभावाचा निरोप घेऊन आलेले वयोवृद्ध उपदेशक लोव्हिक पियर्स यांना प्रतिनिधी म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. ग्रंथप्रकाशनाच्या मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे दक्षिणेला तिचा वाटा मिळाला. मिसुरी, मेरीलँड, व्हर्जिनिया या सीमेवरच्या भागांत कोणत्या इमारतीत कोणत्या पंथाची उपासना व्हावी यावरून दंगे झाले आणि उत्तरेच्या पाळकांना जमावांनी गावाबाहेर हाकलले. उत्तरेच्या मंडळीचे उपदेशक अँथनी ब्युली यांना तर सप्टेंबर १८६० मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे जमावाने फासावर लटकवले. सोळा वर्षांपूर्वी त्यांचे मारेकरी आणि ते कदाचित एकाच नियमपुस्तकाखाली राहिले असते.

विभाजनाचा खरा परिणाम या हिंसेपेक्षा शांत आणि खोल होता. एकत्र मंडळीत दक्षिणेच्या उपदेशकाला आपल्या भाषणाला उत्तरेतून उत्तर येईल याचे भान ठेवावे लागे, आणि उत्तरेच्या वक्त्याला दक्षिणेतील ओळखीच्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे येई. आता ते दोन्ही सुटले. दक्षिणेतील व्यासपीठांवरून अब्राहामाच्या घरी दास होते, पौलाने पळून आलेल्या दासाला परत धाडले, असे दाखले देऊन गुलामगिरी ईश्वरसंमत ठरवली जाऊ लागली आणि श्रोत्यांत तिला हरकत घेणारा कोणी उरला नाही. उत्तरेतही पूर्वी मंडळी टिकावी म्हणून मौन पाळणाऱ्यांना आता मौनाचे कारण राहिले नाही. हा त्या विभाजनाचा एकमेव चांगला परिणाम म्हणता येईल, आणि गुलामगिरीविरुद्धच्या जनमतासाठी तो लहान नव्हता. मन वळवण्याची जागा मात्र नाहीशी झाली होती.

बाप्टिस्टांची कथा थोडक्यात सांगता येते. प्रौढ वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या या पंथात प्रत्येक मंडळी स्वायत्त असते आणि मिशनच्या कामासाठी त्या एकत्र येतात. १८४४ मध्ये जॉर्जियाच्या बाप्टिस्टांनी जेम्स रीव्ह या गुलाममालकाचे नाव मिशनरीपदासाठी मुद्दाम पुढे केले, ते विचारात घेतले गेले नाही. अ‍ॅलाबामाच्या बाप्टिस्टांनी पंथाच्या बॉस्टन येथील मिशन मंडळाला उघड प्रश्न विचारला आणि आम्ही गुलाममालकाला नेमणार नाही, असे उत्तर मिळवले. मे १८४५ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले. प्रेस्बिटेरियन पंथ १८३७ मध्ये मुख्यतः धर्मशास्त्रीय मतभेदांवरून दोन भागांत फुटलेला होता आणि त्या प्रत्येक भागाचे पुढे, एकाचे १८५७ मध्ये आणि दुसऱ्याचे युद्ध सुरू झाल्यावर, उत्तर व दक्षिण असे आणखी तुकडे झाले. रोमन कॅथलिक आणि एपिस्कोपल मंडळ्या युद्धापर्यंत एकसंध राहिल्या, परंतु त्यांनी या प्रश्नावर संस्था म्हणून बोलण्याचे टाळले, हेच त्याचे मुख्य कारण होते.

या वादाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. बॉस्टन येथील अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांच्या मराठी मिशनचे मोठे केंद्र झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तेथूनच १८४२ मध्ये निघू लागले आणि मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा तेथेच होती, जी पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. हीच संस्था अमेरिकेत चेरोकी आणि चॉक्टॉ या मूळनिवासी समाजांतही मिशन चालवत असे, आणि त्या समाजांतील काही सभासदांकडे गुलाम होते. गुलाममालकांना मंडळीबाहेर काढण्यास बोर्डाने १८४५ मध्ये नकार दिला, तेव्हा नाराज निर्मूलनवाद्यांनी पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली, जिने युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी शाळा आणि महाविद्यालये उभारली. अहमदनगरला माणसे आणि पैसा पाठवणारी संस्था ज्या काळात स्त्रीशूद्रांच्या शिक्षणाचे दार उघडत होती, त्याच काळात ती आपल्या घरी गुलामगिरीच्या प्रश्नावर चाचपडत होती. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांनी गुलामांच्या मुक्ततेचे कार्य पार पाडले ते आपल्याच अनेक संस्थांशी झगडून, हे या पार्श्वभूमीवर अधिक नीट कळते.

मंडळ्यांच्या फुटीचा राजकीय अर्थ समकालीनांना उमगला नव्हता असे नाही. ४ मार्च १८५० रोजी सिनेटमध्ये कॅलहून यांचे शेवटचे मोठे भाषण झाले. ते इतके आजारी होते की भाषण व्हर्जिनियाचे सिनेटर जेम्स मेसन यांनी वाचून दाखवले आणि कॅलहून शालीत गुरफटून ऐकत बसले. महिना संपायच्या आत त्यांचा मृत्यू झाला. संघराज्य एका फटक्यात मोडत नसते, त्याला बांधून ठेवणारे दोर एकेक करून तुटतात, आणि त्यांतले धर्माचे दोर आधीच तुटू लागले आहेत, असे सांगून त्यांनी मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन या तिन्ही पंथांची नावे घेतली. उरलेले दोर राजकीय पक्षांचे आहेत आणि तेही टिकणार नाहीत, हे त्यांचे भाकीत होते. तुटण्याचा दोष त्यांनी सर्वस्वी उत्तरेवर टाकला, आणि ज्या व्यवस्थेच्या रक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले तीच या तुटण्याचे मूळ होती हे त्यांना दिसले नाही किंवा पाहायचे नव्हते. तरीही निदान अचूक होते.

पुढील दहा वर्षांनी ते खरे केले. कॅन्सस आणि नेब्रास्का या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी हे तेथे स्थायिक होणाऱ्यांवर सोपवणारा कायदा मे १८५४ मध्ये झाला आणि उत्तर-दक्षिण अशा दोन्हीकडे पाठिंबा असलेला व्हिग पक्ष त्या तडाख्यात संपला. त्याच्या अवशेषांतून, मुख्यतः उत्तरेतच बळ असलेला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. कॅन्ससला जाणाऱ्या गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांसाठी ब्रुकलिनचे प्रसिद्ध पाळक हेन्री वॉर्ड बीचर यांच्या मंडळीने रायफलींसाठी वर्गणी दिली. प्रतिनिधिगृहाला डिसेंबर १८५५ ते फेब्रुवारी १८५६ या काळात आपला सभापती निवडण्यासाठी १३३ वेळा मतदान करावे लागले.

१८५६ मध्येच २२ मे रोजी साउथ कॅरोलिनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स सिनेटच्या सभागृहात शिरले. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी कॅन्ससवरील भाषणात ब्रुक्स यांचे नातलग सिनेटर अँड्र्यू बटलर यांची जहरी निर्भर्त्सना केली होती. सम्नर आपल्या मेजावर पत्रे लिहीत होते. मेज जमिनीला जखडलेले होते, आणि ब्रुक्स यांच्या काठीचे घाव डोक्यावर बसू लागले तेव्हा त्याखालून पाय सोडवण्याच्या धडपडीत त्यांनी ते उखडले आणि रक्तबंबाळ होऊन कोसळले. ब्रुक्स यांना न्यायालयाने ३०० डॉलर दंड केला, त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला, आणि मतदारांनी त्यांना लगेच पुन्हा निवडून दिले. मोडलेल्या काठीची भरपाई म्हणून दक्षिणेतून त्यांना नव्या काठ्या भेट आल्या. सम्नर यांना पूर्ववत काम करण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला आणि मॅसॅच्युसेट्सने त्यांची जागा तोवर रिकामी ठेवली. या घटनेत प्रहारापेक्षा त्यावरचा टाळ्यांचा गजर अधिक भयंकर आहे. एकाच कृत्याला अर्धा देश खुनी हल्ला म्हणत होता आणि अर्धा देश कर्तव्य, आणि दोन्हींकडच्या माणसांना परस्परांचे म्हणणे ऐकवू शकेल अशी मंडळी किंवा पक्ष फारसा उरला नव्हता.

शेवटचा दोर डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. त्याचे राष्ट्रीय अधिवेशन २३ एप्रिल १८६० रोजी चार्ल्स्टन येथे भरले. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला संघराज्याचे संरक्षण मिळावे, ही दक्षिणेची मागणी फेटाळली जाताच अ‍ॅलाबामाच्या विल्यम यान्सी यांच्या पाठोपाठ अगदी दक्षिणेकडील राज्यांचे प्रतिनिधी सभागृहाबाहेर पडले. इलिनॉयचे स्टीफन डग्लस यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सत्तावन्न फेऱ्यांनंतरही आवश्यक दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. जूनमध्ये बाल्टिमोर येथे पक्षाने एका निवडणुकीसाठी दोन उमेदवार उभे केले. नोव्हेंबरमध्ये अब्राहम लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर आणि ३०३ पैकी १८० निर्वाचक मतांवर निवडून आले. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या. २० डिसेंबर रोजी साउथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडले.

युद्धाने संघराज्य चार वर्षांत पुन्हा एक केले आणि १८६५ मध्ये राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. मंडळ्यांचे जुळणे मात्र कित्येक पिढ्या रखडले. दक्षिणेच्या मेथॉडिस्ट मंडळीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय सभासद मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि उरलेल्यांसाठी १८७० मध्ये वेगळी मंडळी काढून देण्यात आली. उत्तर आणि दक्षिणेच्या मेथॉडिस्टांचे ऐक्य १९३९ मध्ये झाले, आणि तेही कृष्णवर्णीय मंडळ्यांना, त्या देशात कोठेही असोत, एका स्वतंत्र विभागात टाकण्याच्या अटीवर; त्यांच्या प्रतिनिधींपैकी बहुसंख्यांनी या योजनेविरुद्ध मत दिले होते. तो विभाग १९६८ मध्ये रद्द झाला. प्रेस्बिटेरियनांचे दोन भाग १९८३ मध्ये एकत्र आले. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल १९९५ मध्ये, आपल्या स्थापनेला दीडशे वर्षे पूर्ण होताना, ठराव करून क्षमा मागितली. आज ती अमेरिकेतील सर्वांत मोठी प्रोटेस्टंट संघटना आहे, आणि १८४५ मध्ये ज्या उत्तरेच्या बाप्टिस्टांपासून ती वेगळी झाली त्यांच्याशी ती अद्याप एकत्र आलेली नाही.